दोन तवे : खानदेशातील एका न्याहारीचा पूर्वेतिहास

नाताळच्या दुसऱ्या दिवशी यावल येथे एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी मिस्सा अर्पण करण्याचा योग आम्हांस आला. यावल हे तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जुने गाव. निंबाळकरांचा किल्ला येथे आहे; एकेकाळी जाडा हातकागद आणि नीळ यांसाठी या गावाचे नाव दूरवर पोहोचले होते. आज चहूकडे केळीच्या बागा आहेत. कॅथोलिक घरे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांच्या घरी आम्ही गेलो होतो ते गृहस्थ सरकारी नोकरीनिमित्त येथे बदलून आलेले, मूळचे वसईकडचे. त्यांची पत्नी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत लहानाची मोठी झालेली.

मिस्सा आटोपल्यावर बाईंनी न्याहारीची तयारी आरंभिली. मुंबईहून येणाऱ्या नातलगाने बर्फाच्या डब्यात घालून आणलेले हॅम होते, भुसावळच्या बेकरीतला स्लाइस पाव होता. त्यांनी ओट्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लहान तवा काढला. पावाच्या कापांना एका बाजूने लोणी लावले. लोण्याची बाजू खाली ठेवून वर हॅमचे दोन पातळ पदर, त्यांवर चीजची चकती, आणि मोहरीच्या सॉसऐवजी हिरव्या मिरचीच्या ठेच्याचे एक बोट. त्यावर दुसरा काप, त्याची लोण्याची बाजू वर. मंद आच, आणि वरून पितळी वाटीने हलका दाब. हॅम आधीच शिजवलेले असल्यामुळे ते केवळ गरम व्हावयाचे असते. घाई केली तर पाव करपतो आणि आतले चीज थंडच राहते. दोन-तीन मिनिटांनी बाजू उलटली, पुन्हा तेवढाच वेळ, आणि सुरीने तिरका छेद. एवढाच काय तो खटाटोप.

परंतु तवा चुलीवर ठेवण्यापूर्वी बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. त्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने आमच्याकडे पाहून विचारले, “फादर, आपण हे खिडकी लावून का खातो?”

मुलांच्या प्रश्नांना धर्मगुरूंनी तत्काळ उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. आम्ही त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मात्र परतीच्या एस. टी.त तो प्रश्न आमच्यासोबत बसून राहिला. त्या सँडविचमध्ये तीनच वस्तू मुख्य होत्या : पाव, मीठ आणि डुकराचे मांस. या तिन्हींनी आमच्या समाजाच्या इतिहासात एवढ्या खिडक्या उघडल्या आणि लावल्या आहेत की, त्यांची थोडी उजळणी वाचकांसमोर करावी असे वाटले.

प्रथम पाव. हा शब्दच पोर्तुगीज. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर पावाने मूळ धरले. युरोपात पीठ फुगविण्यासाठी वापरतात ते किण्व येथे नव्हते. त्याची उणीव माडाच्या ताडीने भरून काढली. गोव्याचे पोदेर पुढे मुंबईत आले आणि त्यांच्या भट्ट्यांनी त्या शहराला पाव खावयास शिकविले. भाकरीच्या देशात आलेला हा पाहुणा केवळ चवीचा पाहुणा राहिला नाही, तो जातीचा आणि धर्माचा प्रश्न होऊन बसला.

आमच्या पूर्वजांविषयी एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायले आणि सारा गाव बाटला. वसई-विरारकडील आमच्या वाचकांपैकी शाळेत ही कथा ऐकून मान खाली घालावी लागली नाही असा विरळाच. आता या कथेचा थोडा विचार करू. स्नानसंस्काराला पाणी लागते हे खरे. परंतु पाण्यात पडलेल्या पावाने कोणी ख्रिस्ती होतो असे ख्रिस्तसभेच्या कोणत्याही शिकवणुकीत नाही. प्रौढ मनुष्याने स्वतः इच्छा व्यक्त केल्यावाचून त्याचा स्नानसंस्कार होऊ शकत नाही. मग तो गाव बाटला कोणाच्या शास्त्राने? शेजारच्या गावाच्या शास्त्राने. पंक्तीतून ज्यांना उठविले, ज्यांच्याशी सोयरीक बंद झाली, त्यांच्यापुढे दुसरे दार उरले नाही. कथा खरी धरली तरी पावाने एक पाऊल टाकले आणि उरलेली वाट बहिष्काराने चालविली असे म्हणावे लागते.

मात्र एवढ्यावर आमची बाजू धुऊन निघते असे आम्ही समजत नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन अर्थात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत ते चालू राहिले. नवख्रिस्ती आपल्या घरात काय रांधतात, कसे रांधतात, यांवर त्याची नजर असे. १७३६ च्या जाहीरनाम्यात भात शिजविण्याच्या रीतीविषयीही आज्ञा होती : मीठ न घालता भात शिजवावयाचा आणि पानात मागाहून मीठ घ्यावयाचे, ही हिंदूंची रीत ख्रिस्ती घरांत चालू ठेवू नये. चिमूटभर मीठ भांड्यात पडते की पानात, यावरून मनुष्याचा विश्वास मोजणारे ते न्यायासन होते. विहिरीतल्या पावाने गाव बाटला असे मानणारे आणि मीठ मागाहून घेतल्याने ख्रिस्ती बिघडला असे मानणारे, या दोघांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

याची मुळे आयबेरियात होती, आणि तेथेच हॅमची गोष्टही सुरू होते. १४९२ साली स्पेनने यहुद्यांपुढे स्नानसंस्कार किंवा देशत्याग असा पर्याय ठेवला. १४९७ साली पोर्तुगालने तर सक्तीनेच त्यांचे धर्मांतर केले. त्यानंतर नवख्रिस्ती मनाने कोठे आहेत हे हुडकण्याचे काम सुरू झाले. शनिवारी कोणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही, कोण डुकराचे मांस टाळतो, हे शेजारी पाहत आणि सांगत. अशा वेळी घरात टांगलेली खारवलेली मांडी ही सचोटीच्या दाखल्यासारखी ठरे. उत्तर पोर्तुगालात कोंबडीचे मांस आणि पाव यांची एक सॉसेज करतात. गुप्तपणे यहुदी राहिलेल्यांनी डुकराच्या सॉसेजचा आभास व्हावा म्हणून ती प्रथम बनविली, असे तेथील लोक सांगतात. यावलच्या त्या घरात हॅमसाठी खिडकी लावली होती. तेथे हॅम दिसावे म्हणून दार उघडे ठेवावे लागत असे.

हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचे खारवलेले मांस. युरोपातील शेतकरी थंडीच्या तोंडावर, सामान्यतः संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास म्हणजे नोव्हेंबरात, डुक्कर मारीत. मिठाने मांसातील पाणी ओढून घेतले जाते आणि पाणी कमी झाले की कुजविणाऱ्या जिवाणूंना वाढता येत नाही. मिठाबरोबर थोडा सोरा घालीत. सोऱ्यातील नायट्रेटचे पुढे नायट्राइट होते. त्याने मांसाचा रंग गुलाबी राहतो आणि बोट्युलिझम नावाची प्राणघातक विषबाधा टळते. या सोऱ्याचा एक मोठा पुरवठा ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून इंग्लंडला नेत असे. तो मुख्यतः तोफांच्या दारूसाठी जाई. परंतु खाटकालाही सोरा लागतच असे. हिवाळाभर मुरलेली मांडी उपवासकाळ संपून पुनरुत्थानाचा सण येईपर्यंत तयार होई. ईस्टरच्या मेजवानीत हॅम का, याचे उत्तर असे शेतीच्या पंचांगात आहे. (येथे कुटुंबवत्सल वाचकांसाठी एक सूचना : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली अशा प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली आहे. सणाचे अन्न सणालाच बरे.)

मांडी मुरण्यासाठी कित्येक आठवडे सलग थंडी लागते. कोकणात ती कोठून मिळणार? म्हणून वसईच्या आणि गोव्याच्या आमच्या आजींनी डुकराच्या मांसाला वेगळीच वाट दाखविली. ताडीचा शिरका, लसूण, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली लाल मिरची यांत त्यांनी ते मुरविले. त्यातून विंदालू म्हणा, इंद्याल म्हणा, सोरपोतेल म्हणा, असे टिकाऊ पदार्थ निपजले. आतड्यात भरून धुरावर वाळविलेला चोरीस निपजला. सणाच्या आदल्या दिवशी करावे आणि तिसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागावे, अशी ही विद्या. तेव्हा हॅम हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करावयास हवी. शिरक्यातले मांस आमच्या आजीचे. मिठातली मांडी पुष्कळ उशिरा आली, आणि खानदेशात तर ती आगगाडीत बसून आली.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८६५ साली थळ घाट ओलांडून लोहमार्ग वर चढला आणि त्याच दशकात खानदेशच्या काळ्या मातीतून पुढे सरकत भुसावळास पोहोचला. तेथून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा जबलपूरकडे निघाला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता ही दोन टोके जोडली गेली. रुळांपूर्वी भुसावळ हे एक लहानसे खेडे होते. रुळांनी त्याचे जंक्शन केले. इंजिने आली तशी ती चालविणारी आणि दुरुस्त करणारी माणसे आली. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, गोव्याचे आचारी, वाजंत्री आणि कारकून, दक्षिणेकडील कामगार. त्यांच्यापैकी अनेक जण कॅथोलिक होते. खानदेशातील आमच्या समाजाचा एक मोठा प्रवाह असा कोळशाच्या धुरातून आलेला आहे. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी तेथे प्रार्थना करीत होती.

त्या काळी गाड्यांना भोजनाचा डबा नसे. मोठ्या स्थानकांवर गाडी थांबे आणि साहेबलोक स्थानकाच्या भोजनगृहात जाऊन जेवीत. घाईच्या प्रवाशाला हाती धरून नेता येईल असा पदार्थ म्हणजे सँडविच. ज्याच्या नावावरून तो ओळखला जातो तो सँडविचचा चौथा अर्ल १७१८ ते १७९२ या काळात होऊन गेला. इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या १७६२ च्या रोजनिशीत हा शब्द प्रथम लिहिलेला आढळतो. साहेबाच्या देशातले हॅम डब्यात बंद होऊन बोटीने येई. भोजनगृहातील आचारी बहुधा गोव्याचा. तो जे साहेबासाठी करी ते सणावारी आपल्या क्वार्टरमध्येही करू लागला. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी पुष्कळ जण परदेशी निघून गेले, पण ही न्याहारी मागे राहिली. पुढे बोरिवलीच्या सरकारी बेकन कारखान्याचा माल महाराष्ट्रात मिळू लागला आणि माफ्कोचे नाव आमच्या घरांत परिचित झाले. भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा गावी मुंबईचे हॅम बर्फात घालून रात्रीच्या गाडीने आणावयाचे आणि दिवस वर येण्यापूर्वी खाऊन संपवावयाचे, ही कसरत रेल्वे वसाहतीतील जुन्या मंडळींच्या चांगली स्मरणात आहे. शीतकपाट ही त्या वेळी साहेबाच्या बंगल्यातली वस्तू.

तव्यावर गरम करण्याची रीत मात्र घरची. पॅरिसच्या उपाहारगृहांत विसाव्या शतकाच्या आरंभी हॅम आणि चीज घालून भाजलेला पाव मिळू लागला होता हे खरे. परंतु भुसावळच्या गृहिणीला पॅरिसची आवश्यकता नव्हती. आदल्या दिवशीचा निबर पाव आणि भाकरीचा तवा तिच्यापाशी होताच.

इकडे महाराष्ट्राच्या सुशिक्षित समाजातही पावाचे नाटक चालू होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा म्हणून नव्या सभासदाने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे असा तेथे दंडक होता. उद्देश उदात्त, पण सारे बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेले दप्तर चोरीस गेले आणि सभा विस्कटली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला आणि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. आज पावात बटाटेवडा घालून खाणाऱ्या महाराष्ट्राला हे सांगितले तर हसू येईल. पावाची खिडकी उघडली; ती कोणत्या वर्षी उघडली हे कोणाला सांगताही यावयाचे नाही.

हॅमची खिडकी मात्र अद्याप बंद आहे, आणि ती पावासारखी उघडावी असेही आम्हांस वाटत नाही. कारण यावल तालुक्यात शेजार कोणाचा आहे ते पाहावे. सातपुड्याच्या कडेने तडवी भिल्लांची वस्ती आहे. ते धर्माने मुसलमान. गावात मुसलमानांची मोठी संख्या आहे. लेवा पाटील समाजातील अनेक घरे शाकाहारी आहेत. एकाला डुक्कर निषिद्ध, दुसऱ्याला मांसच नको. मध्ये आमचे एक घर.

आमच्या धर्मात या बाबतीत बंधन नाही. बाहेरून माणसाच्या पोटात जाणारे अन्न त्याला भ्रष्ट करीत नाही अशी प्रभू येशूची शिकवण संत मार्कने नोंदविली आहे. यापोच्या गच्चीवर पेत्राला झालेला दृष्टान्त आणि त्यानंतर कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या घरी त्याने टाकलेले पाऊल वाचकांना ठाऊक आहेच. परंतु बंधन नाही याचा अर्थ हॅम खाणे हे ख्रिस्तीपणाचे लक्षण आहे असा होत नाही. ही चूक आयबेरियात घडली, गोव्यात घडली, आणि आमच्यापैकी काही जण लग्नाच्या पंक्तीत आजही करतात. डुकराचे मांस न खाणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडे तेथे भुवया उंचावून पाहिले जाते. रोमच्या मंडळीत केवळ भाजीपाला खाणारे होते आणि सर्व काही खाणारेही होते. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असे संत पौलाने त्यांना बजाविले. आपल्या खाण्याने बंधूच्या विवेकाला ठेच लागत असेल तर त्या अन्नाला आपण हात लावणार नाही, हेही त्यानेच करिंथच्या मंडळीला कळविले. संत पौल यहुदी होता. डुकराविषयी त्याच्या मनात काय होते ते त्याने लिहिलेले नाही. पण परक्या गावी, परक्या पंक्तीत बसण्याचा अनुभव त्याच्याइतका कोणाला असेल?

पौलाचा हा विचार मनात घोळत असताना आमच्या ध्यानी त्या सकाळचा उरलेला भाग आला. तो आम्ही वर सांगितलाच नाही. न्याहारी झाल्यावर बाईंनी तो लहान तवा राखेने घासला, कोरडा केला, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ओट्याखाली ठेवून दिला. भाकरीचा मोठा तवा चुलीशेजारी वेगळा टांगलेला होता. मग त्यांनी खिडकी उघडली. थोड्याच वेळात पलीकडच्या तडवी गुरुजींच्या घरून मुलगा ताट घेऊन आला. त्यात कळण्याच्या भाकरी आणि काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत होते. नाताळ म्हणून त्याच्या आईने पाठविले होते. आमचे पोट भरलेले होते, तरी डिसेंबरातल्या भरिताला नाही म्हणणे जमले नाही. मुलगाही आमच्यासोबत खाली बसला. बाईंनी मोठ्या तव्यावर त्याच्यासाठी लोण्यात पाव भाजला आणि साखर भुरभुरून दिला. त्याने तो निःशंकपणे खाल्ला.

मुलगा गेल्यावर आम्ही बाईंना हळूच विचारले, “त्यांना ठाऊक नाही ना?”

“ठाऊक आहे की, फादर,” त्या म्हणाल्या. “इथं राहायला आलो त्याच महिन्यात मीच सांगितलं वहिनींना. दोन्ही तवेही दाखवले. खिडकी लावते ती वासासाठी.”